टीएसएच वाढले म्हणजे नेमके काय घटले?

थायरॉइडचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची गफलत एकाच ओळीवर होते. कागदावर तीन आकडे असतात: टी३, टी४ आणि टीएसएच. समजा पहिले दोन मर्यादेच्या आत आहेत, टी४ जरा खालच्या टोकाकडे झुकलेले आहे, आणि तिसऱ्यापुढे ठळक अक्षरांत ‘जास्त’ असे छापले आहे. टीएसएच ११.८, शेजारची मर्यादा ०.४ ते ४.२. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांत बातमी पोचते की हिचे थायरॉइड वाढले. कोणी कोबी बंद करायला सांगते, कोणी मीठ कमी करायला, कोणी गळ्याला कसला तरी लेप लावायला.

झालेले असते नेमके उलटे. थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे. वाढलेला आकडा तिचा नाहीच. तो आहे मेंदूच्या तळाशी बसलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा. थायरॉइडकडून पुरेसे काम होत नाही असे दिसल्यावर पिट्युटरीने तिला मारलेली मोठी हाक म्हणजे टीएसएच. ओ मिळत नाही तसतसा हाकेचा आवाज चढतो. हा उलटा हिशेब समजला, तर शरीरातल्या अंतःस्रावी ग्रंथींचा कारभार कसा चालतो याचे निम्मे कोडे सुटते. म्हणून सगळ्या ग्रंथींची नावे आणि कामे शालेय पुस्तकासारखी ओळीने मांडण्याऐवजी एकाच ग्रंथीचा माग शेवटपर्यंत काढलेला बरा. बाकीच्या वाटेत भेटतीलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. लाळेच्या, घामाच्या, अश्रूंच्या ग्रंथींना नळी असते आणि त्यांचा स्राव त्या नळीतून ठरलेल्या जागी पडतो. अंतःस्रावी ग्रंथींना नळी नसते. त्या आपले रसायन, म्हणजे संप्रेरक, सरळ रक्तात सोडतात. रक्त ते डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे नेते, पण काम होते ते फक्त ज्या पेशींजवळ त्या संप्रेरकाला ओळखणारे ग्राही असतात तिथेच. बाकीच्या पेशींच्या शेजारून ते निघून जाते.

रक्तातूनही निरोप जातो, ही गोष्ट १९०२ सालापर्यंत पक्की झालेली नव्हती. जेवण पोटातून लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंडाला पाचकरस सोडण्याचा हुकूम मज्जातंतूंमार्फत मिळतो, असे तेव्हा मानले जाई. लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू कापले, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या आणि त्या तुकड्यात आम्ल घातले. स्वादुपिंडाने तरीही रस सोडला. तार तुटलेली असताना निरोप पोचला, म्हणजे तो रक्तातून गेला असला पाहिजे. आतड्याच्या अस्तरातून निघणाऱ्या त्या रसायनाला त्यांनी सिक्रिटिन म्हटले. १९०५ साली स्टार्लिंगने अशा सगळ्या रसायनांसाठी ‘हॉर्मोन’ हे नाव वापरले.

संप्रेरकांच्या चालीत जमीनअस्मानाचा फरक असतो. रस्ता ओलांडताना ट्रक अंगावर आला की अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडते. काही सेकंदांत छाती धडधडू लागते आणि काही मिनिटांत ते रक्तातून नाहीसेही होते. जेवणानंतर इन्शुलिन मिनिटांत चढते, तासा-दोन तासांत उतरते. थायरॉइडचा कारभार मात्र दिवसांचा आणि आठवड्यांचा. तिच्या उपचारात लोकांचा धीर सुटतो तो बहुतेक वेळा हा वेग ठाऊक नसल्यामुळे.

लगाम कोणाच्या हातात, हेही ग्रंथीगणिक बदलते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी रक्तातली साखर स्वतःच मोजतात आणि इन्शुलिन सोडतात. त्यासाठी पिट्युटरीला विचारावे लागत नाही. थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथीही तशाच स्वयंभू. रक्तातले कॅल्शियम जरा घसरले की त्या आपले संप्रेरक सोडून हाडांतून कॅल्शियम काढायला लावतात. थायरॉइड, अधिवृक्काचे बाहेरचे कवच, अंडाशय आणि वृषणे यांच्यावर मात्र पिट्युटरीची देखरेख असते. जवळजवळ सगळीकडे नियम एकच: काम पुरेसे झाले की हुकूम थांबतो. याला ठळक अपवाद बाळंतपणाच्या कळांचा. तिथे कळ आली की ऑक्सिटोसिन वाढते, ऑक्सिटोसिन वाढले की पुढची कळ आणखी जोराची येते, आणि हे चक्र बाळ बाहेर येईपर्यंत चढतच जाते.

आता थायरॉइडकडे वळू. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, पण हे नाव पाठ्यपुस्तकाबाहेर फारसे आले नाही. ती मानेत, कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगून असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखराचा, मोठ्या माणसात वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. घोट गिळला की ती स्वरयंत्राबरोबर वर सरकते. डॉक्टर मान तपासताना पाण्याचा घोट घ्यायला सांगतात ते यासाठीच. गाठ घोटाबरोबर वर गेली तर ती बहुधा थायरॉइडची.

सूक्ष्मदर्शकाखाली ही ग्रंथी म्हणजे असंख्य बारीक गोल पिशव्यांचा समूह दिसतो. प्रत्येक पिशवीची भिंत पेशींच्या एकाच थराची आणि आत चिकट, दाट द्रव. या पेशींचे पहिले काम आयोडीन पकडण्याचे. रक्तात आयोडीन अगदी नाममात्र असते. या पेशी ते खेचून आपल्याकडे रक्ताच्या वीस ते चाळीस पट साठवतात. शरीरात एकूण १५ ते २० मिलिग्रॅम आयोडीन असते आणि त्यातले बहुतांश या एवढ्याशा ग्रंथीत.

पिशवीतल्या द्रवात थायरोग्लोब्युलिन नावाचे अवाढव्य प्रथिन असते. त्याच्या साखळीत जागोजागी टायरोसिन हे अमिनो आम्ल असते. टीपीओ नावाचे विकर त्या टायरोसिनवर आयोडीनचे अणू चढवते, कुठे एक, कुठे दोन. मग असे दोन टायरोसिन एकमेकांना जोडले जातात. दोन अधिक दोन असे चार अणू आले की टी४, म्हणजे थायरॉक्सिन. दोन अधिक एक असे तीन आले की टी३. रिपोर्टवरच्या आकड्यांचा अर्थ एवढाच आहे, आयोडीनच्या अणूंची मोजणी. तयार माल लगेच रक्तात जात नाही. तो त्या प्रथिनाला चिकटलेलाच पिशवीत पडून राहतो. मागणी आली की पेशी द्रवाचे थेंब आत ओढून घेतात, प्रथिन तोडतात आणि संप्रेरक मोकळे करून रक्तात सोडतात.

ही साठवण दोन-तीन महिने पुरेल एवढी असते. दुसरी कोणतीही अंतःस्रावी ग्रंथी इतका मोठा साठा बाळगत नाही. कारण कच्च्या मालातच असावे. समुद्रापासून लांब राहणाऱ्या प्राण्याला आयोडीन आज मिळेल, उद्या मिळेलच असे नाही. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी ते चार ग्रॅमच्या आतच राहते, म्हणजे चहाचा एक चमचाही भरणार नाही. पण तेवढे रोजच्या रोज मिळायला हवे, एकदम घेऊन चालत नाही. उलट अचानक भरमसाट आयोडीन पोटात गेले तर ग्रंथी संप्रेरक बनवणेच काही काळ थांबवते. ‘थायरॉइडला आयोडीन चांगले’ म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ग्रंथी रोज साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी४ बाहेर सोडते. गंमत अशी की टी४ स्वतः फारसे काही करत नाही. खरा काम करणारा टी३, आणि शरीरातले सुमारे चार पंचमांश टी३ थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी४ मधला एक आयोडीन अणू काढून ते बनवले जाते. ज्या विकरांमुळे हे होते त्यांत सेलेनियम हे मूलद्रव्य असते. मेंदूही आपल्यापुरते टी३ आलेल्या टी४ पासून जागच्या जागी करून घेतो. म्हणजे थायरॉइड पुरवते तो राखीव माल, आणि केव्हा किती वापरायचा हे बऱ्याच अंशी ज्याचे त्याचे ऊतक ठरवते.

रक्तातून जातानाही हा माल मोकळा फिरत नाही. ९९ टक्क्यांहून अधिक टी४ प्रथिनांना बांधलेले असते. पेशीत शिरू शकतो तो उरलेला अत्यल्प मोकळा भाग, रिपोर्टवर ‘फ्री टी४’ असे लिहिलेला. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना इस्ट्रोजेनमुळे ही वाहक प्रथिने वाढतात. मग एकूण टी४ चा आकडा फुगतो, मोकळे टी४ मात्र जागच्या जागी असते. अशा वेळी ‘टोटल’ पाहून घाबरण्यात काही अर्थ नाही. तपासणी करायचीच असेल तर फ्री टी४ आणि टीएसएच यांची करावी, असे माझे मत आहे. जाहिरातींतल्या भल्यामोठ्या पॅकेजांमुळे गोंधळच जास्त होतो.

पेशीत शिरलेले टी३ थेट केंद्रकात जाते. तिथे त्याचा ग्राही डीएनएवरच बसलेला असतो. टी३ त्याला चिकटले की काही जनुके चालू होतात, काही बंद. नवी प्रथिने तयार व्हायची, मग त्यांचा परिणाम दिसायचा. म्हणून इथे सगळेच सावकाश. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, त्वचा आणि केसांची वाढ, यकृताकडून रक्तातले कोलेस्टेरॉल उचलले जाणे, एवढ्या ठिकाणी त्याचा हात असतो. ते कमी पडले की थकवा, बद्धकोष्ठ, इतरांना पंखा हवा असताना आपल्याला थंडी वाजणे, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, पाळीत जास्त रक्त जाणे, मंद नाडी असे सगळे हळूहळू सुरू होते. यातले एकेक लक्षण हजार कारणांनी येते, त्यामुळे निदान वर्षानुवर्षे राहून जाते. कोलेस्टेरॉल नव्याने वाढलेले आढळले तर गोळी सुरू करण्याआधी टीएसएच पाहावे असे डॉक्टर सांगतात ते याच कारणाने.

या संप्रेरकाची ताकद किती, हे १९१२ साली बेडकांवरच्या एका साध्या प्रयोगात दिसले. गुडर्नाच या शास्त्रज्ञाने बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली. पिल्लांची वाढ थांबली, पण त्यांना भराभर पाय फुटले, शेपट्या गेल्या आणि वेळेच्या कितीतरी आधी त्यांचे इवले बेडूक झाले. पुढे ज्या पिल्लांची थायरॉइड काढून टाकली गेली ती नुसती मोठी होत गेली, बेडूक झालीच नाहीत. माणसाच्या बाळाच्या मेंदूलाही घडण्यासाठी हेच संप्रेरक लागते. त्याकडे शेवटी येऊ.

आता हाक मारणाऱ्याकडे पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे आणि त्याच्याखाली देठाला लटकलेली, वाटाण्याएवढी पिट्युटरी. हायपोथॅलॅमस टीआरएच सोडतो, त्यामुळे पिट्युटरी टीएसएच सोडते, आणि टीएसएचमुळे थायरॉइड टी४ व टी३ सोडते. हे दोन्ही रक्तातून परत वर पोचले की पिट्युटरी आणि हायपोथॅलॅमस दोघेही हात आखडता घेतात. टी४ घटले की पुन्हा हात सैल. दिवसरात्र एवढेच चालू असते.

टीआरएच म्हणजे अवघ्या तीन अमिनो आम्लांचा रेणू, पण तो सापडायला एक पिढी खपली. रॉजर गिलमँ यांच्या चमूने मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांच्या चमूने डुकरांचे, असे लाखो मेंदू कत्तलखान्यांतून गोळा केले, तेव्हा कुठे मोजता येईल एवढा पदार्थ हाती आला. १९६९ मध्ये त्याची रचना कळली. १९७७ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले आणि त्याच वर्षीच्या पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला रोझलिन यालो यांना. रक्तातली संप्रेरके इतकी कमी असतात की पूर्वी ती मोजण्याची सोयच नव्हती. यालो आणि त्यांचे तोवर दिवंगत झालेले सहकारी सॉलोमन बर्सन यांनी प्रतिपिंडे आणि किरणोत्सारी खूण वापरून ती मोजण्याची रीत काढली. गल्लीतल्या प्रयोगशाळेत आज सकाळी दिलेल्या रक्ताचा टीएसएच संध्याकाळी मोबाइलवर येतो, त्याची मुळे त्या कामात आहेत.

टीएसएचवर डॉक्टर एवढा भरवसा का ठेवतात? कारण पिट्युटरी विलक्षण हळवी आहे. मोकळे टी४ निम्मे झाले, तर टीएसएच सुमारे शंभरपट वाढू शकते. शिवाय रिपोर्टवर छापलेली टी४ ची मर्यादा ही अनेक निरोगी लोकांची मिळून काढलेली असते. एकेका माणसाचे स्वतःचे नेहमीचे टी४ त्याहून बरेच अरुंद पट्ट्यात हलते. ते त्या पट्ट्याच्या खाली गेले तरी प्रयोगशाळेच्या मर्यादेत असू शकते. प्रयोगशाळेला काही खटकत नाही, पण त्या माणसाची पिट्युटरी त्याचे नेहमीचे टी४ ओळखून असते, तिला लगेच कळते. सुरुवातीच्या उदाहरणात टी४ मर्यादेत असूनही टीएसएच चढलेले होते, ते असे.

एवढे समजले की रिपोर्ट वाचणे कठीण नाही. टीएसएच जास्त आणि टी४ कमी असेल, तर थायरॉइड थकली आहे. टीएसएच जास्त, टी४ ठीक, तर थकायला लागली आहे. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून, वय, लक्षणे, गर्भधारणेचा विचार यावरून गोळीचे ठरते. टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी४ जास्त, तर थायरॉइड कोणाची हाक नसताना बेफाम काम करते आहे. ग्रेव्ह्ज आजारात असेच होते. शरीर चुकून अशी प्रतिपिंडे बनवते, जी टीएसएचच्या जागी जाऊन बसतात. पिट्युटरी गप्प झाली तरी ग्रंथी थांबत नाही. वजन उतरते, हात कापतात, छाती धडधडते, काहींचे डोळे पुढे येतात.

आणि टी४ कमी असूनही टीएसएच वाढलेलेच नसेल तर? तेव्हा दोष हाक मारणाऱ्यात आहे. बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव झाला तर पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून ती मरू शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा बाईला बाळंतपणानंतर दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा जात नाही, आणि नुसता टीएसएच पाहिला तर तो ‘नॉर्मल’ दिसतो. एकाच आकड्यावर सगळी भिस्त ठेवली की असे रुग्ण निसटतात.

टीएसएच ग्रंथीला नुसते कामच सांगत नाही, तिला वाढवतेही. गलगंडाचे कारण इथे आहे. आयोडीन मिळाले नाही की टी४ बनत नाही, टीएसएच चढते, आणि कच्चा माल नसलेली ग्रंथी नुसती फुगत जाते. हिमालयाच्या पायथ्याशी हा आजार घरोघरी होता, कारण बर्फ, पाऊस आणि पूर यांनी तिथल्या मातीतले आयोडीन धुऊन नेले होते. १९५६ मध्ये डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागाला साधे. काही वर्षांत त्या दोन भागांत गलगंडाचे प्रमाण झपाट्याने उतरले, साध्या मिठाच्या भागात ते जवळपास तसेच राहिले. तिथेही मग आयोडीनयुक्त मीठ दिल्यावर उतरले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आजार फक्त डोंगराळ भागाचा आहे हा समजही पुढे टिकला नाही. आपल्याकडे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात गलगंडाचे रुग्ण मोठ्या प्रमाणावर आढळले होते.

आपल्या मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, कारण दमट, उष्ण हवेत ते टिकते. ग्राहकाच्या हाती पोचणाऱ्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. दिवसाला दहा ग्रॅम मीठ धरले तर बरोबर १५० होतात. म्हणून टीएसएच वाढले म्हणून आयोडीनयुक्त मीठ सोडणे चुकीचे, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून बारा महिने नुसते सैंधव किंवा गुलाबी मीठ खाणेही चुकीचे. उपवासापुरते सैंधव ठीक आहे. कोबी-फ्लॉवरही शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ले तर काही बिघडत नाही.

मीठ सुधारल्यावर आता शहरांत थायरॉइड मंदावण्याचे मुख्य कारण वेगळे आहे: हाशिमोटो आजार. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये तो वर्णिला. यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते आणि ग्रंथी वर्षानुवर्षे झिजत जाते. टीपीओविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडतात. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार कितीतरी पटींनी जास्त.

झिजलेली ग्रंथी परत आणता येत नाही, पण तिचा माल बाहेरून देता येतो. हे उमगण्याची कथा स्वित्झर्लंडमध्ये सुरू होते. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियांत निष्णात होते. ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली ते रुग्ण पुढे सुस्त, सुजलेले आणि मंद होतात, हे त्यांनी १८८३ मध्ये मांडले. मग त्यांनी संपूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. १९०९ चे नोबेल त्यांना मिळाले. १८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे यांनी थायरॉइड निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्यासाठी लागल्या. एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आले.

आजची लिव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे तेच टी४, अणूला अणू जुळणारे. बाटलीवरचे २५, ५०, १०० हे आकडे मायक्रोग्रॅमचे. ग्रंथी रोज जेवढे बनवते तेवढेच भरून काढायचे असल्याने ‘स्ट्राँग गोळी’ वगैरे काही नसते. टी४ चा निम्मा साठा संपायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि तेव्हाच पिट्युटरीचा खरा अंदाज कळतो. पंधरा दिवसांत पुन्हा टीएसएच तपासणे म्हणजे पैसे वाया घालवणे. याच सात दिवसांमुळे एखाद्या दिवशी गोळी चुकली तरी आकाश कोसळत नाही. आठवले की घ्यावी.

गोळी सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये, चहाही नाही. चहा, कॉफी, दूध यांनी ती आतड्यात नीट शोषली जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर तिला धरूनच ठेवतात; त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. डोस वाढवूनही टीएसएच उतरत नाही म्हणून आलेल्या कित्येकींचे उत्तर या एका ओळीत असते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने आकडेच चुकीचे येऊ शकतात. वजनाबद्दलही अपेक्षा माफक असाव्या. मंद थायरॉइडमुळे वाढते ते सहसा काही किलो, त्यातही बराच भाग क्षार आणि पाण्याचा. वीस किलोंचा दोष तिच्यावर टाकता येत नाही. आणि टीएसएच नॉर्मल आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका; तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

दोन वेळा अशा आहेत जिथे उशीर परवडत नाही. पहिली गर्भधारणेची. पहिले तीन महिने बाळाची थायरॉइड काम करत नाही, त्याच्या मेंदूला आईच्या टी४ वरच राहावे लागते. आईची गरज वाढते, आणि आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईचा डोस बहुतेकदा पाव ते एक तृतीयांश वाढवावा लागतो. त्यासाठी पुढच्या नेहमीच्या तपासणीची वाट न पाहता, दिवस राहिल्याचे कळताच टीएसएच करून घ्यावा.

दुसरी वेळ जन्मानंतरची. हजारेक बाळांमागे साधारण एक बाळ थायरॉइड नसलेले किंवा नीट न चालणारी थायरॉइड घेऊन जन्मते. आईच्या टी४ मुळे ते जन्मतः अगदी व्यवस्थित दिसते. लक्षणे दिसू लागेपर्यंत मेंदूची भरून न येणारी हानी झालेली असते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात, शिकतात. त्यासाठी लागते ती टाचेला टोचून घेतलेली रक्ताच्या थेंबांची तपासणी. जन्मताच प्रत्येक बाळाचे टीएसएच एकदम उसळते, म्हणून ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात. आपल्या देशात ती अजून सर्वत्र आपोआप होत नाही. घरात बाळ येणार असेल, तर प्रसूतिगृहातून सुट्टी घेण्याआधी ‘बाळाची टीएसएच झाली का, आणि रिपोर्ट कधी मिळेल?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा.